शब्दाआधी बोलणारा हात

मुर्री हे गोंदिया शहरालगतचे गाव. या जिल्ह्याला एकीकडे मध्य प्रदेश, तर दुसरीकडे छत्तीसगड लागून आहे. त्यामुळे येथे मराठीबरोबरच हिंदी, पोवारी आणि गोंडी कानी पडतात. व्यापारी घरांत मारवाडी किंवा गुजरातीची भर पडते. अशा घरातील मूल मराठी शाळेत प्रारंभी गप्प बसले, की त्याला मंद ठरवण्याची घाई होते. वस्तुतः शब्द सापडण्यापूर्वी त्याचा हात बोलू लागलेला असतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांनी १९६० च्या दशकात याच जाणिवेवर अध्यापनपद्धती उभारली. विद्यार्थ्याने आधी सूचना ऐकून कृती करावी. बोलण्याची सक्ती नसावी. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅन्युएला मॅसेडोनिया व सहकाऱ्यांच्या प्रयोगात, अर्थ दर्शविणाऱ्या हातवाऱ्यांसह शिकलेले नवे शब्द निरर्थक हातवाऱ्यांसह शिकलेल्या शब्दांपेक्षा अधिक लक्षात राहिल्याचे आढळले. हात नुसता हलून भागत नाही. त्याने अर्थ दाखवावा लागतो.

हिंदी जाणणाऱ्यास मराठी सोपी वाटते. परंतु ओळखीचे शब्दच फसवतात. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. हिंदीत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. अशा वेळी शिक्षकाची उगारलेली तर्जनी किंवा मिस्कील मुद्रा क्षणात खुलासा करते.

घरीही हे साधते. मुलाने डब्याकडे बोट दाखवले, तर ‘तोंडाने बोल’ असे दटावू नये. मुकाट्याने डबाही देऊ नये. ‘चणे हवेत का?’ असे विचारून शब्द त्याच्या कानी घालावा. शब्द रुळला, की खूण आपोआप मागे पडू द्यावी.

परप्रांतातून आलेल्या सुनेलाही हाच आधार होतो. हिंदीतील एका ‘हम’साठी मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. पहिल्यात ऐकणारा वगळला जातो, दुसऱ्यात सामावला जातो. घरी आलेल्या शेजारणीला ‘आम्ही जेवायला बसतो’ असे म्हटले, तर ती संकोचून उठेल. ‘आम्ही’ म्हणताना हात स्वतःच्या छातीशी न्यावा. ‘आपण’ म्हणताना तोच हात समोरच्यापर्यंत नेऊन परत आणावा, असे सासूने दोन-चार वेळा करून दाखवावे. मग सून ‘आपण जेवू या’ म्हणेल, आणि शेजारीण पानावर बसेल.