हौस फिटते, 'फिट' मात्र रोज नवी!

संध्याकाळी रायपूरच्या तेलीबांधा तलावाकाठी अगदी जत्रेसारखी वर्दळ असते. गावकरी या काठाला कौतुकाने 'मरीन ड्राइव्ह' म्हणतात. कठड्याला टेकून मुलेमुली एकमेकांचे फोटो काढतात आणि मध्येच एखादीला दाद मिळते, "क्या ड्रिप है!" फिरायला आलेल्या मराठी आजींना वाटावे, कुणाला सलाइन लावले की काय?

आजी, घाबरू नका! 'ड्रिप' म्हणजे अंगावरून ठिबकणारी ऐट. अमेरिकेतल्या हिप-हॉप गायकांच्या बोलीतला हा शब्द मोबाइलवरून इथवर पोहोचला. 'फिट' म्हणजे 'आउटफिट'चे शेपूट, अर्थात आजचा पेहराव. शब्द नवे असले, तरी त्यांच्यामागची ओढ मात्र फार जुनी आहे.

एक शब्द, दोन स्वभाव

रायपूर आणि मराठी माणूस यांचे नाते नागपूरकर भोसल्यांच्या काळापासूनचे. १८५४ साली भोसल्यांचे राज्य खालसा झाले, पण इथली मराठी घरे टिकली. चौबे कॉलनीतले महाराष्ट्र मंडळ त्याची साक्ष देते. अशा घरात मुले दोन भाषांत वाढतात आणि त्यांना एक गंमत लवकर कळते. अरबीतला 'हवस' हिंदीत गेला तो वासनेचा अर्थ घेऊन. मराठीत त्याचीच 'हौस' झाली, निरागस आणि घरगुती! उलट हिंदीतला 'शौक' सरळ आवडीचा, तर मराठीत 'शौकीन' म्हटले की भुवया किंचित उंचावतात. छत्तीसगढी 'लुगरा' आणि आपले 'लुगडे' मात्र सख्ख्या बहिणी.

हौस कुणी पुरवायची?

मराठीत हौस 'पुरवली' जाते. माहेरचे पुरवतात, सासरचे पुरवतात. पहिल्या संक्रांतीला काळी चंद्रकळा, डोहाळजेवणाला हिरवी साडी. म्हणजे हौस बाईची, पण निमित्त आणि मान्यता इतरांची. तीच बाई स्वतःच्या आवडीने नटली, की 'नटमोगरी' ठरायची. पुरुष नटला की 'छानछोकी'. आणि विधवेला तर हौसच नव्हती. अनेक घरांत तिच्या वाट्याला आलवण यायचे. कपड्यांचे शब्द वरवर हलके वाटतात, पण कुणी काय हवेसे म्हणायचे, हे तेच ठरवत असतात.

आधी टोमणा, मग रीत

म्हणूनच काळ कूस बदलतो, तेव्हा हे शब्दही बदलतात. 'विलायती' हा एकेकाळी कौतुकाचा शब्द होता. १९०५ साली सावरकर आणि त्यांच्या विद्यार्थी मित्रांनी पुण्यात विलायती कापडाची होळी केली, टिळकही तिथे होते. स्वदेशीच्या त्या वाऱ्यात मिरवण्याचे कापड लाजेचे झाले.

नऊवारी जाऊन पाचवारी गोल पातळ आले, तेव्हा 'सकच्छ की विकच्छ' असा वाद रंगला. कासोटा सुटला म्हणजे मर्यादा सुटली, असे वडीलधाऱ्यांना वाटे. पुढे त्याच पाचवारीतल्या आयांनी मुलींच्या 'पंजाबी ड्रेस'वर नाके मुरडली! १९७३ साली 'बॉबी' आला आणि ठिपक्यांच्या कापडाला नायिकेचे नाव चिकटले. १९९४ च्या 'हम आपके हैं कौन'मधल्या माधुरी दीक्षितच्या जांभळ्या साडीसारखी साडी कितीतरी लग्नांत मिरवली. दरवेळी क्रम तोच. आधी टोमणा, मग फॅशन, मग घरची रीत.

फिटणारी हौस

मग 'ड्रिप'मध्ये नवे काय? तलावाकाठची मुलगी कुणी हौस पुरवील म्हणून थांबत नाही. स्वतःसाठी नटते आणि मैत्रिणी तिला टोमणा मारण्याऐवजी मोकळी दाद देतात. तिच्या पणजीला हे सुख कधी मिळाले नाही, हे विसरता कामा नये.

पण एक गोष्ट पणजीकडे होती. तिची हौस 'फिटायची'. चंद्रकळा वर्षानुवर्षे नेसली जाई, विटली की तिची गोधडी होई आणि नातवंडे तिच्याच उबेत झोपत. आजच्या 'फिट'ला ते भाग्य नाही. एकदा फोटो झळकला, की तोच ड्रेस पुन्हा घालायचा संकोच वाटतो. कपाट भरते, मन भरत नाही. 'हौसेला मोल नाही' ही म्हण खरीच, पण महिनाअखेरीस पैसे मोजणाऱ्या आईबापांना ते मोल चांगलेच ठाऊक असते!

गुढीपाडव्याला मात्र गंमत होते. मुली शिवलेली नऊवारी घालतात आणि मैत्रिणी "कडक!" म्हणतात. पणजीने जन्मभर नेसलेले, मधल्या पिढीने जुनाट म्हणून टाकलेले वस्त्र आता नवी 'फिट' झाले आहे. तेव्हा बाजारात जाण्यापूर्वी एकदा आजीची ट्रंक उघडून पाहावी. कदाचित हौस तिथेच फिटेल.