फोड आला तरी फोडू नका!

उजव्या अंगठ्याशेजारी चामखीळ आली, तेव्हा मी आधी घरगुती उपायच करून पाहिले. कुणी म्हणालं केस बांध, कुणी म्हणालं चुना लाव. चुन्यानं कातडी पोळली, चामखीळ जागच्या जागी! खडू धरताना दुखायला लागली, तेव्हा कुठे डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कापसाच्या बोळ्यानं द्रवरूप नायट्रोजन लावला. उणे १९६ अंश सेल्सियस इतका थंड! या गारठ्यानं चामखिळीच्या पेशी गोठून मरतात. काही सेकंदांचंच काम, पण झोंबलं चांगलंच.

दुसऱ्या दिवशी तिथे टपोरा, रक्ताळलेला फोड. नेमके त्याच दिवशी पाहुणे जेवायला. "आई, आज कणीक तुम्ही मळता का?" एवढं विचारायचाही मला संकोच वाटला. सुईनं फोड फोडला नि लागले कामाला. तिसऱ्या दिवशी बोट सुजलं, पू झाला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, सांगायचंस ना! माझे हात काय कुणी बांधून ठेवले होते?"

म्हणून मैत्रिणींनो, अनुभवाचे चार बोल.

असा फोड येणं नेहमीचंच. आतल्या नव्या कातडीचं ते पांघरूण असतं. ते ओढून काढू नका. फारच ताणला, दुखला, तर डॉक्टरांनाच दाखवा.

रोज साध्या साबण-पाण्यानं हलकेच धुवा, टिपून कोरडं करा, व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा. हळद, चुना नको. घासलं जात असेल तर पट्टी बांधा. भिजली की लगेच बदला.

खपली साधारण एक ते तीन आठवड्यांत आपणहून पडते. तळपायाला अधिक दिवस लागतात. नखानं काढायचा मोह आवरा.

आपल्या सावळ्या कातडीवर पांढुरका किंवा काळपट डाग काही महिने राहतो, क्वचित कायमचाही. तेवढी जागा उन्हापासून जपा.

लाली पसरू लागली, पू किंवा ताप आला, ठणका वाढतच गेला, तर दवाखाना गाठा. मधुमेह असेल तर उपचाराआधीच सांगा. चामखीळ विषाणूमुळे होते, तेव्हा टॉवेल वेगळा ठेवा. पुन्हा दोन-तीन आठवड्यांनी बोलावलं तर कंटाळू नका. एका खेपेत ती जातेच असं नाही.

माझ्या अंगठ्याशेजारी अजून पांढुरका ठिपका आहे. पोळी लाटताना तो दिसतो नि वाटतं, दोन दिवस हाताला विसावा मागण्यात कसली आलीय लाज?