कोंबडी द्या, सामान न्या!

खिशात दमडी नाही, पण काखेत कोंबडी आहे? मग तुम्ही अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरातल्या व्हॅली क्रूसिस गावात मस्त शॉपिंग केलं असतंत! इथलं 'मास्ट जनरल स्टोअर' १८८३ चं. हेन्री टेलरने सुरू केलेलं, १९१३ मध्ये पूर्णपणे डब्ल्यू. डब्ल्यू. मास्ट यांचं झालं. पाळण्यापासून शवपेटीपर्यंत सगळं मिळायचं. गावचं पोस्टही आतच. शेतकऱ्यांच्या हातात रोकड कमी, म्हणून मास्ट कोंबड्यांवरही माल द्यायचे. दुकानाच्या फळ्यांमध्ये चक्क एक झडप होती. उघडली की कोंबडी थेट खालच्या खुराड्यात. पेमेंट सक्सेसफुल! १९७७ मध्ये मात्र दुकानाला कुलूप लागलं. तीन वर्षांनी जॉन आणि फे कूपर या जोडप्याने ते पुन्हा उघडलं. झडप आजही बघायला मिळते. कोंबडी मात्र घरीच ठेवून जा.