गिरणीच्या मोटरीचा भाव का वाढतो?

गिरणीचं कोटेशन आणलं, गटात कर्जाचा ठराव झाला, आणि पैसे हातात येईपर्यंत दुकानदार म्हणतो, "ताई, भाव वाढला." दर वेळी तो फसवतोच असं नाही. मोटरीच्या पोटात तांब्याची तार असते, आणि तांब्याचा भाव आपल्या बाजारपेठेत ठरत नाही. लंडनच्या धातूबाजारात तो डॉलरमध्ये ठरतो. 2020 मध्ये, कोरोनाच्या सुरुवातीला, टनाचा भाव 5,000 डॉलरच्या खाली होता. मे 2024 मध्ये तो 11,000 च्या वर जाऊन आला.

जगात सगळ्यात जास्त तांबं निघतं दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात. तिथंही शंभर किलो दगड फोडून सरासरी किलोभर तांबं हाती येत नाही. नवी खाण सुरू व्हायला दहा-दहा वर्षं जातात. म्हणून एखादी मोठी खाण थांबली की जगभर ओढ बसते. 2023 मध्ये पनामा देशात लोक रस्त्यावर उतरले, कोर्टाचा निकाल आला आणि तिथली खाण बंद झाली. सप्टेंबर 2025 मध्ये इंडोनेशियातल्या ग्रासबर्ग खाणीत चिखल घुसला, सात कामगार गेले, काम थांबलं. आपला तुतिकोरिनचा मोठा कारखानाही 2018 पासून बंद आहे. पूर्वी आपला देश तांबं बाहेर विकायचा, आता बाहेरून आणतो. त्यात विजेवरच्या गाड्या आल्या, त्यांना पेट्रोलच्या गाडीपेक्षा बरंच जास्त तांबं लागतं.

मग मोबाइलही महागणार का? तांब्यामुळे फारसा नाही. त्यात तांबं काही ग्रॅमच असतं. जिथं ते किलोनं लागतं, तिथं खरा चटका बसतो: गिरणी, विहिरीवरचा पंप, घरातलं वायरिंग.

भाव चढला की काही कंपन्या तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार भरतात. तेवढीच वीज वाहायला ही तार जाड लागते. हात आखडून भरलेली असेल तर लोड आल्यावर मोटर तापते. बाहेरून रंग सारखाच, ओळखायचं कसं? ॲल्युमिनियम हलकं असतं, त्यामुळे तेवढ्याच एचपीच्या दोन मोटरी उचलून पाहिल्या तर बऱ्याचदा फरक कळतो. पण खरी खात्री बिलाचीच. त्यावर 'कॉपर वाइंडिंग' लिहून घ्या. कोटेशन किती दिवस चालेल तेही त्यावरच लिहून घ्या, आणि कर्जाची तारीख बघूनच ते मागा.

मोटर जळाली तर? रिवाइंडिंगवाल्याकडे जुनी तार निघते. तीही तांबंच आहे, भंगारात किलोवर विकली जाते. आपल्यासमोर वजन करायला लावा आणि तेवढे पैसे मजुरीतून वजा करून घ्या.