पांढरी वस्त्रं, मेणबत्त्या आणि कॅमेऱ्याची चकती

दर ऑक्टोबरला राजुऱ्याहून चंद्रपूरच्या दीक्षाभूमीला निघतो तेव्हा आमच्या गटात एक कॅमेरा असतोच. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी तिथे दीक्षा दिली. तो दिवस पाहिलेली माणसं आता मोजकीच उरली आहेत. मागच्या वेळी अशाच एका आजींचा फोटो आम्ही काढला. भोवती सगळी शुभ्र वस्त्रांतली गर्दी. घरी येऊन पाहिलं तर पांढरं करडं झालेलं आणि आजींचा चेहरा अंधारात. आज आजी नाहीत.

चूक आमची होती. समोरचं दृश्य सरासरी करड्या रंगाचं आहे असं धरून कॅमेरा उजेड मोजतो. सगळीकडे पांढरं दिसलं की त्याला उजेड जास्त वाटतो आणि तो फोटो गडद करतो. तेव्हा +/- चं बटण वापरून +१ करायचं. हिरव्या ऑटोत बहुतेक कॅमेरे हे करू देत नाहीत, म्हणून आधी ऑटो सोडा.

चकतीवरचा 'पी' सुरुवातीला बरा. अ‍ॅपर्चर आणि शटर कॅमेरा ठरवतो, +/- आपल्या हातात राहतं. 'ए' मध्ये (कॅननवर 'एव्ही') अ‍ॅपर्चर आपण ठरवतो. विहारासमोर तीन रांगांत उभ्या गटाला एफ/८ ठेवा, म्हणजे मागची रांगही स्पष्ट येते. सावलीत मात्र शटर फार संथ होत नाही ना, तेवढं बघा. 'एस' (कॅननवर 'टीव्ही') मध्ये शटर आपलं. मिरवणुकीतल्या लेझीमला १/५०० लागतं. अ‍ॅपर्चरचा आकडा लुकलुकला तर उजेड पुरत नाही, आयएसओ वाढवा.

खरी परीक्षा कँडल रॅलीची. इथे उलटं होतं: अंधार जास्त म्हणून कॅमेरा फोटो उजळतो, ज्योतीचा पांढरा गोळा होतो आणि चेहरे हलतात. फ्लॅश मारला तर मेणबत्तीचा उजेडच मरतो. 'एम' वर या. आयएसओ ३२००, शटर १/६०, अ‍ॅपर्चर लेन्स देईल तेवढं उघडं. एक फोटो काढून चेहरा पाहा, कमी वाटलं तर आयएसओ आणखी वाढवा. एकदा जमलं की पुढची माणसं येत राहतात, उजेड तोच राहतो.

आणि कॅमेरा दुसऱ्याच्या हाती देताना +१ परत शून्यावर आणा. आम्ही एकदा विसरलो होतो. दुपारचे सगळे निळे झेंडे फिके आले.