तिथीचा समुद्र, रविवारचं चर्च

उत्तनला एकाच घरात दोन पंचांगं चालतात. भाईंदरच्या पश्चिमेला समुद्रालगत असलेल्या या गावातले कोळी बहुतेक कॅथलिक आणि गावचं चर्चही ‘अवर लेडी ऑफ द सी’, म्हणजे समुद्राच्या माउलीचं. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, रविवारची, सणवार रोमच्या पंचांगाप्रमाणे. मासेमारीला निघायचं मात्र चंद्र बघून.

याला कारण डोल. डोल म्हणजे तोंडाशी रुंद आणि शेपटाकडे निमुळतं होत गेलेलं पिशवीसारखं लांबलचक जाळं. ते समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधतात आणि मासळी आत लोटायचं काम भरती-ओहोटीच्या प्रवाहावर सोपवतात. पाणी फिरायच्या आत जाळं ओढून घ्यावं लागतं. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं. पाणी जोरात धावतं, डोल भरते. अष्टमीच्या आगेमागे भांग लागतो, पाणी मंदावतं आणि मग जाळी शिवायला, बोटीची डागडुजी करायला सवड मिळते. त्यामुळे ज्या भिंतीवर मरियेची तसबीर, त्याच भिंतीखाली बसून तिथ्या मोजल्या जातात, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

गंमत अशी, की ईस्टरसुद्धा चंद्रावरच ठरतो: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. म्हणजे ईस्टरआधीचा उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) पौर्णिमेपासून फार लांब जाऊच शकत नाही. चर्चचा सर्वांत कडक शोकाचा दिवस बऱ्याचदा ऐन उधाणात, कमाईच्या दिवसांत येतो. कोळ्याच्या श्रद्धेची किंमत कुणाला मोजायचीच असेल, तर ती इथे मोजावी.

वाशीम जिल्ह्यात, अनसिंगसारख्या गावात, हा लेख वाचणाऱ्याला हे सगळं परक्या मुलखातलं वाटेल. तिथून समुद्र रस्त्याने पाचशे किलोमीटरांहून जास्त. त्या भागात ख्रिस्ती म्हटलं की आधी आठवतं ते वाशीमचं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल. ते नाझरीन मिशनचं, म्हणजे प्रोटेस्टंट परंपरेतलं. तिथे ना मूर्ती, ना नवस. किनाऱ्यावरचा ख्रिस्ती धर्म वेगळ्या वळणाचा आहे. तो पोर्तुगीजांबरोबर आला, पण वाढला तो माउली, जत्रा, नवस यांच्या मराठी वातावरणात. उपवासाचंच बघा. ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळातल्या शुक्रवारी मांस चालत नाही, मासे चालतात. विदर्भातल्या एकादशीवाल्याला हे ऐकून हसू येईल. कोळणीला साबुदाणा खाऊन उपास करण्याचं तितकंच नवल वाटेल.

नवसाचं खरं दालन म्हणजे वांद्र्याची मोत माउली. सरकारी कागदावर ती माउंट मेरी. कोळ्यांच्या तोंडी मोत माउली. १७०० मध्ये मस्कतच्या अरब चाच्यांनी मूर्तीच्या हातातली वस्तू सोन्याची समजून तिचा उजवा हात तोडला, असं सांगतात. पुढे मूर्ती समुद्रात गेली आणि एका कोळ्याला स्वप्नात दृष्टान्त होऊन ती त्याच्या जाळ्यात सापडली, ही आख्यायिका. इतिहासाच्या कसोटीवर ती टिकेल की नाही, हा प्रश्न बाजूला ठेवू; देव पाण्यातून वर येतो तो कोळ्याच्याच जाळ्यात, हे मात्र किनाऱ्याला शोभेसंच आहे. आजची इमारत १९०४ ची. ८ सप्टेंबरच्या मरियेच्या जन्मदिनानंतर येणाऱ्या रविवारपासून आठवडाभर जत्रा भरते. टेकडीच्या उतारावर दुकानांत मेणाचे हात, पाय, बाहुल्या, घरं टांगलेली असतात. गुडघा दुखतो त्याने पाय घ्यायचा, मूल हवं त्याने बाहुली, भाड्याच्या खोलीत दिवस काढणाऱ्याने घर. घेणाऱ्यांत हिंदू बायका काही कमी नसतात. देवीला चांदीचे डोळे वाहणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

या देवाणघेवाणीत लढाईचाही वाटा आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घेतला आणि चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा १७२१ ची. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरच्या घंटेवर तर बाळ येशूला घेतलेली मरिया कोरलेली आहे. तिच्याच नादावर शंकराची पूजा होत आली. वसईत मागे राहिलेल्या ख्रिस्ती समाजाने मराठी सोडली नाही. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर, १९६० च्या दशकात, लॅटिन मिस्सा मागे पडून लोकभाषेतली आली, तेव्हा घरची भाषा वेदीपर्यंत पोचली. वसईजवळच्या नंदाखालच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी ‘सुबोध बायबल’ लिहिलं आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. निवडीला विरोध झाला, धमक्यांचे फोन आले. शतकानुशतकं मराठीत वाढलेल्या धर्माला मराठीपणाचा दाखला मागितला जावा, हे खेदाचंच.

पावसाळ्यात राज्याची मासेमारी बंदी असते. गेली काही वर्षं साधारण १ जून ते ३१ जुलै. बोटी वर ओढलेल्या, चर्च भरलेलं. बंदी उठताना फादर किनाऱ्यावर येऊन बोटींवर पवित्र पाणी शिंपडतात. मग हंगाम लागतो आणि किनाऱ्यावर मासळी सुकवायच्या बांबूच्या वलांड्या भरू लागतात. बोंबील सुकवायची रीत पाहण्यासारखी आहे. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. ना खिळा, ना गाठ. बायका बोलता बोलता हे इतक्या सराईतपणे करतात, की हाताकडे बघतही नाहीत.

डोलीतून आता बोंबील, करंदी, जवळ्याबरोबर प्लॅस्टिकही येतं. प्रवाहात जे असेल ते जाळ्यात शिरतं, आणि मुंबईच्या खाड्या पिशव्यांनी भरलेल्या. भरीला उत्तनच्याच डोंगरावर मिरा-भाईंदरचा कचरा येऊन पडतो. त्याविरुद्ध गावाने वर्षानुवर्षं मोर्चे काढले, अर्ज दिले. उधाणाच्या चार दिवसांत जाळं ओढायचं की आधी कचरा निवडायचा, हा हिशेब कोळ्याला रोज बोटीवरच करावा लागतो.