दणका कुणी सोसायचा?

बैलगाडीला स्प्रिंग नसे. गाडीत पेंढा पसरायचा, वर गोधडी टाकायची आणि लेकीबाळींना बसवायचे. चाकाचा दणका पेंढा सोशील तेवढा सोशील, उरलेला माणसाच्या मणक्यापर्यंत पोचायचा. पुढे टांग्याला कमानी आल्या, मोटारीला पाटे आले, मग वेटोळ्यांच्या स्प्रिंगा आल्या. अँबॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनी यांच्या मागच्या चाकांवर पाटेच असत. साधने बदलली, प्रश्न मात्र तोच राहिला.

आज हा प्रश्न वेगळ्या वाटेने घरात येतो. कमावता मुलगा गाडी घेतो आणि वर्षभरात त्याला ती 'मऊ' वाटू लागते. वळणावर कलते, ब्रेक दाबला की नाक खाली घालते. मग गाडी दोन इंच खाली घ्यायची, कडक स्प्रिंगा बसवायच्या आणि वर्षातून एकदोनदा ट्रॅकवर जाऊन हौस भागवायची, असा बेत ठरतो. चेन्नईजवळचे इरुंगट्टुकोट्टई, कोइमतूरचा कारी स्पीडवे, २०११ ते २०१३ या काळात फॉर्म्युला वन शर्यत झाली ते ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट ही त्याची तीर्थस्थाने. हौस वाईट नाही. हमरस्त्यावर मर्दुमकी दाखवण्यापेक्षा बंदिस्त ट्रॅकवर हेल्मेट घालून शिकणे केव्हाही चांगले. पण ट्रॅकचे दिवस वर्षातून दोन-चार; उरलेले सगळे शिर्डी-शिंगणापूरच्या गर्दीचे, उसाच्या ट्रॉल्यांमागून रखडण्याचे आणि नगर-मनमाड रस्त्याचे. त्या दिवसांत मागच्या सीटवर आई बसलेली असते.

ठेव आणि परतफेड

आयुष्य बँकेत गेल्यामुळे मला सस्पेन्शनसुद्धा खातेवहीसारखे दिसते. चाक खड्ड्यातून उसळले की स्प्रिंग दबते आणि दणक्याची शक्ती ठेवीसारखी साठवते. ती परत देताना मात्र हात सैल सोडते. एकटी स्प्रिंग असेल तर गाडी डुलतच राहील. शॉकॲब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजमधला 'शॉकअप', ती शक्ती तेलाच्या घर्षणातून उष्णतेत जिरवून खाते बंद करतो. म्हणून दोघांचे जमले पाहिजे. कडक स्प्रिंगेला जुना शॉकअप जोडणे म्हणजे मोठे कर्ज देऊन वसुलीला कुणीच न नेमणे.

घरगुती मोटारीचे अंग सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा वरखाली होते. शर्यतीच्या गाडीत हा आकडा दोनच्या पुढे जातो. पण हा आकडा दुप्पट करायचा तर स्प्रिंग चौपट कडक करावी लागते, हे फारसे कुणी सांगत नाही. शिवाय सेकंदाला चार ते आठ हादरे बसलेल्या माणसाच्या शरीराला सर्वांत जास्त जाचतात. गुळगुळीत ट्रॅकवर कडक स्प्रिंग गाडीचे कलणे कमी करते. खड्ड्यांच्या रस्त्यावर तीच स्प्रिंग चाकाला जमिनीवर टेकू देत नाही. टायरचा तळहाताएवढा तुकडा रस्त्याला धरून असतो. तो उचलला गेला की ब्रेकही नाही आणि स्टिअरिंगही नाही. तेव्हा मऊपणा ही केवळ चैन समजू नये.

नगरची शाळा

या विद्येसाठी नगरकरांना, म्हणजे आताच्या अहिल्यानगरकरांना, लांब जायला नको. संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था, व्हीआरडीई, इथेच आहे. नव्या वाहनांची चाचणी घेण्याचा अधिकार कायद्याने ज्या मोजक्या संस्थांना दिला, त्यांतली ही एक. तिथे वेगाच्या मार्गाबरोबर मुद्दाम खडबडीत केलेले मार्गही आहेत. गाडीची परीक्षा वाईट रस्त्यावरच होते, हे त्यातून उमगावे.

१९९४ मध्ये सुरू झालेले रणगाडा संग्रहालय अनेकांनी मुलांसह पाहिले असेल. पुढच्या वेळी तोफांकडे पाहून झाले की खाली वाकून चाकांकडे पाहा. सेंच्युरियनला वेटोळ्यांच्या स्प्रिंगा आहेत. पंचेचाळीस टनांच्या आसपासचा पॅटन पोलादी दांड्यांना बसणाऱ्या पिळावर तोललेला असतो, आणि तीच युक्ती जुन्या अँबॅसिडरच्या पुढच्या चाकांना होती. एवढ्या लोखंडालाही लवचीकपणा लागतो, कारण आत माणसे बसतात.

आधी काय, मग काय?

म्हणून हौशी मुलाला 'नाही' म्हणण्यापेक्षा क्रम सांगावा. आधी टायर: चांगले आणि योग्य हवेचे. मग झिजलेले बुश आणि बॉल जॉइंट बदलावेत. पुष्कळ गाड्यांचा 'मऊपणा' तिथेच संपतो. मग चाकांचे अलाइनमेंट. त्यानंतर चांगले शॉकॲब्सॉर्बर, आणि ट्रॅकसाठी ताजे ब्रेक ऑइल व उष्णता सोसणारे ब्रेक पॅड. एवढे करूनही असमाधान उरलेच तर स्प्रिंगा, त्याही किंचितच कडक, चारही चाकांचा एकत्र विचार करून. १९३०च्या दशकात अमेरिकेत कॅडिलॅकसाठी काम करताना मॉरिस ऑली या इंग्रज अभियंत्याने दाखवून दिले की पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा थोड्या मऊ असल्या तर गाडी डोलत नाही. नुसत्या पुढच्या कडक केल्या की हा मेळ बिघडतो.

एक गोष्ट मात्र करूच नये. स्वस्तात गाडी खाली घेण्यासाठी स्प्रिंगेचे वेटोळे कापतात. कापलेली स्प्रिंग मोठ्या खड्ड्यात आपली बैठक सोडू शकते. खाली घेतलेली गाडी गतिरोधकाला घासते ते वेगळेच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, ताशी २५ किलोमीटर वेगासाठी सांगितला आहे. आपल्या गावाच्या वेशीवरचा कसा आहे ते आपण जाणताच.

कायदाही पाहावा. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील मूळ बनावटीपासून वेगळा पडेल असा फेरबदल मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने निषिद्ध आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अनधिकृत फेरबदलाला मालकाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. तेव्हा काम सुरू करण्यापूर्वी आरटीओ आणि विमा कंपनी यांच्याकडून लेखी विचारून घ्यावे. अपघातानंतर तोंडी आश्वासनाचा उपयोग होत नाही.

शेवटी एक साधी परीक्षा. बदल केल्यावर गाडी पहिल्यांदा ट्रॅकवर नेऊ नये. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला मागे बसवून एकदा राहुरीपर्यंत जाऊन यावे. परतल्यावर 'पुन्हा येशील का?' असे विचारावे, आणि उत्तर येण्यापूर्वी त्या माणसाचा हात कमरेवर आहे का, तेवढे पाहावे.